दिगू, हौदाचा तळ दिसला

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, आणि तिसरे तू मुद्दामच लिहिणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तब्येत बरी आहे. पाठ धरते आणि सुटते, त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. आज लिहायला बसलो ते मात्र अपराधी वाटले म्हणून नव्हे. सकाळी एक गोष्ट घडली, जी दुसऱ्या कोणालाही सांगितली तर तो 'बरे, मग?' एवढेच विचारील. परसातल्या पोहण्याच्या तलावाचा तळ दिसला.

घर घेतले तेव्हा बाकीचे सगळे छपराकडे आणि भिंतींकडे पाहत होते. मी त्या पाण्याकडे पाहत होतो. मी आयुष्यात बादलीपेक्षा मोठ्या पाण्याचा मालक झालेलो नव्हतो, आणि तू फोनवर ज्याला कुत्सितपणे 'हौद' म्हणालास तो आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४८,००० लिटरांचा निघाला. पाणी हिरवे, दाट, पहिल्या पायरीखाली काही म्हणजे काही दिसत नसलेले. शेवाळाची किळस मला कधीच नव्हती. पण आत कोणी असते तर काठावरून दिसले नसते, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. विहिरीवरची ती दुपार, आपण दोघे काठावर, आणि बाळ्या वर येईपर्यंत गेलेला वेळ. आपण त्याविषयी कधी बोललो नाही. बाळ्या स्वतः त्यावर विनोद करतो, पण तो पाण्याखाली होता, त्याला काय ठाऊक वर काय चालले होते!

म्हणून पाण्याला हात लावण्याआधी मी चारही बाजूंनी सव्वा मीटर उंचीचे कुंपण घातले, आपोआप मिटणारे फाटक बसवले आणि कडी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही एवढी वर ठेवली. घाणेरड्या पाण्याला एवढा बंदोबस्त कशाला, असे घरात विचारले गेले. मी उत्तर दिले नाही.

त्यानंतर माझ्या मनात काय आले असेल, हे तू ओळखलेच असशील. सगळे उपसून टाकावे, घासावे आणि नवे पाणी भरावे. वसतिगृहातली ती माशांची काचेची पेटी तू अजून माझ्या नावावर मांडून ठेवली आहेस. पंप भाड्याने आणायचे ठरलेही होते, पण नळी टाकण्याच्या आदल्या रात्री वाचताना कळले की जमिनीखालचे पाणी वर असेल तर रिकामा तलाव खालच्या दाबाने होडीसारखा उचलला जातो आणि तडकतो. आतल्या पाण्याचे वजनच त्याला जागेवर धरून ठेवते. मला तुझा तो चिडलेला चेहरा आठवला. माशांच्या बाबतीत दोष गार पाण्याचा होता असे मी आजवर म्हणत आलो. आता निम्मा दोष माझ्या उरकाउरकीचा होता, असे लेखी देतो. उरलेला निम्मा गार पाण्याचाच.

खरे दुखणे निराळेच निघाले. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे तरंगत्या डबीत क्लोरीनच्या वड्या टाकल्या होत्या. या वड्या क्लोरीनचे १० भाग देतात तेव्हा सोबत सायन्युरिक आम्लाचे सुमारे ६ भाग मागे ठेवतात. ते थोडे असले तर क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण ते उडून जात नाही, आणि फार साठले की क्लोरीनला जखडून ठेवते. ते पाण्याच्या दर दहा लाख भागांत ३० ते ५० भाग असावे लागते. माझ्या नळीतली मोजपट्टी १०० वर संपली, म्हणून नमुन्यात तेवढेच साधे पाणी मिसळून पुन्हा मोजले. ८० आले, म्हणजे मूळ पाण्यात १६०. शेवाळ मारण्यासाठी या आकड्याच्या साधारण ४० टक्के क्लोरीन राखावे, असा हिशेब लोक धरतात. तेवढे कुठून आणणार! मग पाणी एकतृतीयांश काढायचे, भरायचे, पंप चालवून मिसळायचे, असे तीनदा केले. १६० चे १०७, मग ७१, मग ४७. या कामाला लागणारा धीर माझ्याकडे नाही, असे तू शपथेवर सांगितले असतेस.

पुढे द्रवरूप क्लोरीन आले. या तलावात क्लोरीन एक भागाने वाढवायला १० टक्क्यांचे द्रावण साधारण अर्धा लिटर लागते. मी एका संध्याकाळी नऊ लिटर ओतले. वड्या आणि दुसरे कोणतेही क्लोरीन एका भांड्यात कधी आणायचे नाही, त्याने आग लागते, हे मी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहे. त्या रात्री चाचणी घेतली तर नळीत रंगच नाही. सगळे क्लोरीन शेवाळाने खाल्ले असे समजून मी आणखी तीन लिटर ओतले! प्रत्यक्षात क्लोरीन इतके होते की त्याने चाचणीचा गुलाबी रंगच उडवून टाकला होता. दुसऱ्या दिवशी नमुना पातळ करून मोजला तेव्हा उलगडा झाला. हस, मोकळेपणाने हस.

त्यानंतर हिरव्याचे राखाडी झाले, राखाडीचे दुधासारखे. रोज भिंती घासायच्या, आणि फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यावर आठ-दहा पीएसआय चढला की वाळू उलट्या प्रवाहाने धुवायची. तुरटी टाकून गाळ एका रात्रीत खाली बसवावा, असा मोह दोनदा झाला. दोन्ही वेळा मासे आठवले. अकरा दिवस गेले.

आज सकाळी सर्वांत खोल टोकाला तळाच्या जाळीचे स्क्रू दिसले. मी ते मोजले. आठ आहेत, त्यांतला एक गंजलेला. मग काठावर किती वेळ उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही; आनंद झाला असे वाटते, पण पाय लटपटत होते, आणि खाली काहीही नाही हे दिसत असूनही मी पुन्हा एकदा सगळा तळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला. तू असतास तर तूही तेच केले असतेस.

तुझी बदली झाल्याचे बाळ्याकडून कळले. नवी जागा मानवो. गुडघ्याचे काय ठरवलेस? वहिनींना नमस्कार. धाकट्याच्या निकालाचे मी विचारायचे राहून गेले होते, तेही कळव.

रात्रभरात क्लोरीन एका भागापेक्षा कमी घटले तर पाण्यात खाण्यासारखे काही उरले नाही, असे समजतात. सूर्य मावळल्यावर मोजले ते १८ आहे. पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा मोजायचे, म्हणून गजर लावून आता झोपतो.

तुझा,
बंडू

ता. क. बाळ्याला यातले काही सांगू नकोस. तो पोहायला येतो म्हणेल.