दीडशे पौंडांची सूट कुठून आली

लीड्स
१४ डिसेंबर २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

"तिकडच्या सरकारने बजेटात लाइटबिल दीडशे पौंडांनी उतरवलं म्हणे, जमवलं कसं?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे दोन मिनिटांत होणार नव्हतं, म्हणून लिहितोय. वीज मंडळात हयात घालवलेल्या माणसाला टॅरिफ काय शिकवणार, पण इथली, ब्रिटनमधली, घडी वेगळी आहे. बिल उतरणार हे खरं. खर्च मात्र बहुतेक तेवढाच आहे, त्यातला काही बिलावरून उचलून करांच्या पैशांवर टाकलाय. बाकीचं पत्र कोणता खर्च, कुठून आणि किती दिवसांसाठी उचलला याचंच आहे.

आधी दर ठरतो कसा ते. इथे वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक, ग्राहक हवा तिथे जातो. जो कुठलाच ठरावीक मुदतीचा करार घेत नाही तो कंपनीच्या सर्वसाधारण दरावर राहतो, आणि त्या दराला कमाल मर्यादा घालायचं काम ऑफजेम या नियामकाचं. हे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपुरतंच. उत्तर आयर्लंडचा बाजार निराळा. मर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्यात मागच्या काही महिन्यांतले घाऊक भाव, तारा-पाइपांच्या जाळ्याचा खर्च, सरकारी योजनांचे आकार, कंपनीचा चालवण्याचा खर्च, थोडा नफा आणि वर ५ टक्के व्हॅट. भाव मागचे धरतात, म्हणून आज बाजार पडला तरी बिलात ते पुढच्या तिमाहीत दिसतं. तुमच्याकडचा इंधन समायोजन आकार उशिरा येऊन टपकतो तसंच. मंत्र्यांना हे बरंच असतं. दर उतरला की श्रेय सरकारचं, चढला की नियामक स्वायत्त.

व्हॅटचा ५ हा आकडाही राजकारणातूनच आलेला. १९९४ च्या एप्रिलमध्ये घरगुती विजेवर ८ टक्के लागला. तो १७.५ वर न्यायचा पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारचा बेत त्याच डिसेंबरमध्ये संसदेत मतदानात पडला, आणि १९९७ मध्ये लेबर (मजूर) पक्षाच्या सरकारने ५ वर आणला. २०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात तो शून्य करू म्हणून सांगितलं होतं. अजून ५ च आहे. तुमच्या १६ टक्के वीज शुल्कापुढे ही तक्रारच नव्हे, म्हणा.

कमाल दराची कल्पना २०१३ ची. तेव्हाचे विरोधी पक्षनेते, लेबरचे एड मिलिबँड यांनी विजेचे दर वीस महिने गोठवण्याचं आश्वासन दिलं, तेव्हा पंतप्रधान कॅमेरून यांनी त्यांना मार्क्सवादी म्हणून उडवून लावलं. चारच वर्षांनी कॅमेरून यांच्याच पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दरावर मर्यादा घालायचं ठरवलं, २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून ती लागू झाली.

आता लोक हमखास फसतात ती जागा. वर्तमानपत्रात मर्यादा वर्षाच्या रकमेत छापतात. १ जानेवारी २०२६ पासूनच्या तिमाहीची १,७५८ पौंड. हा बिलाचा कमाल आकडा नाही. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस जाळणाऱ्या, बँकेतून परस्पर पैसे भरणाऱ्या काल्पनिक घराचं ते बिल आहे. मर्यादा आहे ती दरावर, या तिमाहीत अशी: विजेला युनिटमागे २७.६९ पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड) आणि रोजचा स्थिर आकार ५४.७५ पेन्स, गॅसला ५.९३ आणि ३५.०९. हे देशाचे सरासरी आकडे, चौदा वितरण विभागांत थोडेफार बदलतात. जास्त जाळलं तर बिल कितीही वर जाईल.

सप्टेंबर २०२२ मध्ये याच गैरसमजाने घोळ घातला. युक्रेन युद्धाने गॅस भडकला आणि ऑक्टोबरची मर्यादा ३,५४९ पौंडांवर गेली. लिझ ट्रस यांनी पंतप्रधान होऊन दोनच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, सामान्य घराचं बिल २,५०० वर रोखण्याची घोषणा केली. (राणी एलिझाबेथ त्याच दुपारी गेली, त्यामुळे छाननी करायला कोणाला सवड राहिली नाही.) रेडिओवर तर खुद्द पंतप्रधानांनीच कोणाचंही बिल २,५०० च्या वर जाणार नाही अशा अर्थाचं सांगितलं. प्रत्यक्षात रोखला होता तो दर, वीज साधारण ३४ पेन्स आणि गॅस १०.३. मोठं, ऊब न टिकणारं घर असेल तर बिल त्याच्या कितीतरी वर जात होतं.

ऑफजेमची मर्यादा आणि हा रोखलेला दर यांतला फरक सरकार कंपन्यांना देत होतं. जानेवारी २०२३ ला मर्यादा ४,२७९ झाली, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने घरामागे १,७७९ पौंड तिजोरीतून, तेही कर्ज काढून. तुमच्या वीज कायद्याच्या कलम ६५ मध्ये सवलत द्यायची तर राज्य सरकारने पैसे आगाऊ द्यायचे असं आहे, कागदावर तरी. इथे तसं काही बंधन नव्हतं. घोषणा दोन वर्षांची होती. पाच आठवड्यांत अर्थमंत्री बदलले आणि नव्यांनी ती एप्रिलपर्यंत आखडली, मग पुन्हा जूनपर्यंत वाढवली. जुलैत बाजारच खाली आला आणि प्रश्न मिटला.

त्याच हिवाळ्यात प्रत्येक घराला ४०० पौंड दिले, सहा हप्त्यांत: पहिले दोन ६६ चे, पुढचे चार ६७ चे. स्मार्ट मीटरवाल्यांना आपोआप जमा. जुन्या, आधी पैसे भरायच्या मीटरवाल्यांना मात्र टपालाने किंवा मेसेजने व्हाउचर, ते घेऊन पोस्टात किंवा दुकानात जायचं, मुदत नव्वद दिवस. जुन्या भाडेकरूच्या नावाने व्हाउचर आलं की बसा कंपनीला फोन करत. असा मीटर बहुतेक गरिबाच्याच घरी असतो, आणि पैसे न वठवता राहिलेले व्हाउचरही त्याच घरांतले. रक्कम सगळ्यांना सारखी दिली म्हणून पोचते सारखी असं होत नाही.

सगळ्यात जास्त राजकारण स्थिर आकारात लपलंय, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. २०२१ च्या शरदात गॅस चढला तेव्हा मर्यादा १,२७७ वर अडकलेली. पुढच्या महिन्यांची वीज आधी खरेदी करून न ठेवलेल्या कंपन्यांना तोट्यात विकावं लागलं, आणि जवळजवळ तीस कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले आणि त्या हस्तांतराचा खर्च सगळ्या देशाच्या स्थिर आकारात टाकला. त्याच वेळी नियामकाने जाळ्याचा बराच खर्चही युनिटवरून काढून स्थिर आकारात नेला. एप्रिल २०२२ ला विजेचा सरासरी स्थिर आकार रोज २५ पेन्सवरून ४५ वर गेला. जानेवारी २०२६ ला जवळपास ५५.

याचा हिशेब करून बघा, जानेवारीचेच दर घेऊन. वर्षाला १,००० युनिट जाळणाऱ्या एकट्या म्हातारीचं विजेचं बिल २७७ अधिक स्थिर आकाराचे २००, म्हणजे ४७७ पौंड. युनिट पडलं ४७.७ पेन्सला. २,७०० वाल्याला तेच ३५.१ ला आणि ५,००० वाल्याला ३१.७ ला. तुमच्याकडे कमी युनिटचा स्लॅब स्वस्त. इथे कमी जाळणाऱ्याचं युनिट सगळ्यात महाग. मग स्थिर आकार काढूनच टाका, अशी मागणी दर हिवाळ्यात होते. नियामकाचं उत्तर असतं की तो पैसा युनिटवर चढेल आणि घरी ऑक्सिजनचं यंत्र किंवा विजेचे हीटर असलेली गरीब घरं मरतील. मला दोन्ही बाजू पटतात. पण बुडालेल्या कंपन्यांचा खड्डा म्हातारीच्या रोजच्या आकारातून भरायला नको होता, एवढं मात्र ठाम म्हणेन.

तर आता तुमचे दीडशे पौंड. २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्स यांनी दोन गोष्टी केल्या. एक, गरिबांच्या घरांना इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारं आवरण) करून देण्यासाठी बिलातून घेतला जाणारा आकार मार्च २०२६ अखेर बंद. त्या योजनेची अब्रू तशीही गेली होती: राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या ऑक्टोबरच्या अहवालात, बाहेरून भिंतींना लावलेल्या इन्सुलेशनच्या ९८ टक्के कामांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष निघाले. दोन, २००२ पासूनच्या जुन्या पवन-सौर अनुदानाचा जो भार बिलात येतो, त्यातला घरगुती ग्राहकांचा ७५ टक्के भाग तीन वर्षं सरकारी तिजोरी उचलणार.

त्या तीन वर्षांकडे नीट बघा. एप्रिल २०२६ ते मार्च २०२९. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हायलाच हवी. २०३० पर्यंत बिलात तीनशे पौंडांपर्यंत कपात करू हे यांच्याच लेबर पक्षाचं निवडणुकीतलं वचन. शिवाय जुन्या अनुदानाचा भार युनिटवर असतो, त्यामुळे दीडशे ही सरासरी. म्हातारीच्या हजार युनिटांना त्यातलं थोडंच मिळणार.

उलट बाजूने खर्च चढतोच आहे. ऑफजेमने वीज आणि गॅसच्या जाळ्यांसाठी एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांकरता २८ अब्ज पौंडांची गुंतवणूक मंजूर केली, तीही बिलातूनच वसूल होणार. साइझवेल सी अणुकेंद्र अजून बांधून पूर्ण व्हायचंय, त्यासाठी घरामागे महिन्याला साधारण एक पौंड आत्ताच सुरू. अशाच खर्चांमुळे घाऊक भाव उतरलेले असूनही जानेवारीची मर्यादा १,७५५ वरून १,७५८ वर गेली.

या सूटीत मला खरोखर आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जुन्या अनुदानाचा भार फक्त विजेवर होता, गॅसवर नाही. त्यामुळेही इथे जानेवारी २०२६ च्या दरांत विजेचं युनिट गॅसच्या ४.७ पट. घर तापवणारा गॅस बॉयलर ९० टक्के कार्यक्षम धरला तर उष्णतेचं एक युनिट ६.६ पेन्सला पडतं. हीट पंपाने (बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारं यंत्र) त्याची बरोबरी करायची तर एका युनिट विजेतून ४.२ युनिट उष्णता काढायला हवी. साधारण बसवलेला पंप तीनच्या आसपास देतो. सरकार एका हाताने पंपाला अनुदान देत होतं आणि दुसऱ्या हाताने त्याची वीज महाग करत होतं. भार हलला की ही दरी थोडी बुजेल.

हर्षदा सप्टेंबरमध्ये शिकायला येतेय, तिला एवढं सांगून ठेवा. खोलीची किल्ली मिळाली त्याच दिवशी मीटरचा फोटो काढायचा, तारखेसकट, आणि आकडा कंपनीला कळवायचा. दशांश चिन्हानंतरचे किंवा लाल चौकटीतले आकडे सोडून द्यायचे. दर बदलायच्या आदल्या दिवशी परत तेच. रीडिंग नसलं की कंपनी सरासरी बिल लावते, आणि जुन्या दराने जाळलेले युनिट नव्या दरात मोजले जाऊ शकतात. ३१ मार्च २०२२ ला सगळा देश एकदम रीडिंग भरायला बसला आणि कंपन्यांच्या वेबसाइट कोसळल्या, तेव्हा शेवटच्या रात्रीची वाट बघायची नाही. स्मार्ट मीटर असला तरी फोटो काढायचाच; कंपनी बदलल्यावर काही मीटर रीडिंग पाठवणं बंद करतात आणि ते बिल आल्यावरच कळतं.

आईला सा. न. तुमच्या पुढच्या बिलाची मागची बाजू फोटो काढून पाठवा, वहन आकार किती लागलाय ते मला बघायचंय.

तुमचा,
संदीप