सायटोकाइन शत्रू, मग क्षयाला कोंडून ठेवतं कोण?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला सायटोकाइनवरचा लेख वाचला. लेखक नामांकित डॉक्टर आहेत, मी निवृत्त विज्ञान शिक्षक. तरी राहवलं नाही. सायटोकाइन म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना धाडतात ते रासायनिक निरोप. पण अख्ख्या लेखात ते म्हणजे नुसती जळजळ आणि वादळ! कोरोनात हा शब्द बदनाम झाला तो झालाच. पण क्षयाचा साधा उल्लेखही नसावा?

क्षयाचा जंतू त्याला गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. गिळला, पण पचला नाही, अशी गत. तिथं अँटिबॉडीचं फारसं चालत नाही. प्रतिकारशक्तीतली टी-पेशी इंटरफेरॉन गॅमाचा निरोप धाडते, तेव्हा कुठं ती पेशी खवळते आणि आतल्या जंतूंना मारू लागते. उरलेल्यांभोवती पेशींचं कडं पडतं. ते कडं शाबूत राहायला टीएनएफ लागतं. ही दोन्ही सायटोकाइनंच बरं का, डॉक्टरसाहेब!

माझ्या धाकट्या बहिणीनं हे अंगावर भोगलंय. आमवातानं बोटं आखडली, विड्या वळणं बंद पडलं. आमवातात सांधे सुजवतं तेही हेच टीएनएफ, म्हणून एका मोठ्या दवाखान्यात ते अडवणारी इंजेक्शनं सुरू झाली. बोटं सुधारली, ते नाकारत नाही. तिसऱ्या महिन्यात रोज संध्याकाळी ताप आणि मानेला गाठ. तपासणीत निघाला क्षय. आमच्या आईला क्षय होता आणि ही तिच्याच कुशीत निजायची. ४० वर्षं कोंडून पडलेला जंतूच सुटला असणार. या औषधांआधी दडलेला क्षय तपासा, हा इशारा २००१ पासूनचा आहे. मँटूची सुई किंवा इंटरफेरॉनची रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, एवढंच तर करायचं होतं. घरात कुणाला टीबी होता का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. जाब विचारला तर म्हणाले, "सही केलीय की तुम्ही."

केली ना सही! कागद कन्नड आणि इंग्रजीत, बहीण मराठी शाळेत सातवी झालेली. कर्नाटकातल्या भाषिक अल्पसंख्याकांसाठी मराठीत परिपत्रकं मागून आमच्या पिढीचे केस पिकले. आता दवाखान्यातल्या कागदासाठीही मोर्चा काढायचा का?

बहीण क्षयातून बरी झाली. इंजेक्शनं मात्र थांबवावी लागली आणि बोटं पुन्हा आखडली. आता भाकरी सून थापते.

आणखी एक. लेखाच्या बरोबर खाली प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्याची जाहिरात होती. वर म्हणता सायटोकाइन आवरा, खाली म्हणता प्रतिकारशक्ती वाढवा. आमवाताच्या रोग्यानं नेमकं कुठल्या बाजूचं वाचायचं? पुढच्या पुरवणीत लेखकांकडून क्षयावर चार ओळी लिहून घ्याव्यात. त्यांच्या खाली काढा नको.

एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)