मायक्रो की एसएफएफ: ताई, मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ऑफिसमधून निघालेला जुना कॉम्प्युटर घरी घेणारे पुष्कळ जण आहेत आणि तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही कामाला येईल.

माझ्यापुढे दोनच पर्याय होते. दोन्ही डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०६०, एक मायक्रो म्हणजे एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा, आणि दुसरा एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर), टॉवरपेक्षा लहान पण टेबलावर बऱ्यापैकी जागा खाणारा. माझं मन मायक्रोवर होतं. दिसायला सुटसुटीत, ब्रॅकेट घेतला की मॉनिटरच्या मागे बसतो, टेबल मोकळं. दोघांवरही प्रोसेसर आय फाइव्ह, एट्थ जनरेशन म्हणजे आठव्या पिढीचा, असं लिहिलेलं, मग फरक काय तो साइजचा, असं धरून मी विचारलं की ताई कुठला घेऊ, आणि तुम्ही उत्तर द्यायच्या आधी मलाच विचारलंत, "त्यावर करणार काय आहात ते सांगा ना आधी."

मी सांगितलं की घरातले जुने फोटो स्कॅन करायचेत, वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, बाकी मुलीचा अभ्यास आणि थोडंफार टायपिंग. तुम्ही तिथल्या तिथे हिशोब मांडलात. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) कलरमध्ये स्कॅन करून, काहीही न दाबता टिफ फाइल ठेवली की साधारण २६ एमबी, म्हणजे हजार फोटोंचे २६ जीबी. आवाज सीडीच्या क्वालिटीत वेव्ह फाइल म्हणून ठेवला तर तासाला ६०० एमबी, म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट ९०० एमबीच्या आसपास. त्यात साफसूफ केलेली कॉपी वेगळी, मूळ वेगळी. हे ऐकेपर्यंत माझं लक्ष प्रोसेसर आणि रॅमवरच होतं, डिस्क कुठे आणि केवढी बसणार हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता, आणि खरा निर्णय तिथेच होता.

मायक्रोत एक एम डॉट टू एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी छोटी पट्टी, आणि एक अडीच इंची डिस्क, संपलं. अडीच इंचीत २ टीबीच्या वर गेलं की फिरणारी डिस्क १५ मिलिमीटर जाड येते आणि ती आत मावत नाही, मग मोठी एसएसडी घ्या नाहीतर बाहेर लटकवा. एसएफएफमध्ये साडेतीन इंची डिस्क बसते, तीही विंडोजची एम डॉट टू आहे तिथेच ठेवून. मी म्हटलं यूएसबीची डिस्क लावीन की बाहेरून, तर तुम्ही म्हणालात ती लावायचीच आहे पण बॅकअपसाठी, रोजचं काम कोणाच्याही हाताच्या धक्क्यानं निसटणाऱ्या केबलवर ठेवायचं नाही. आणि एकाच डब्यात दोन डिस्क ठेवून त्याला बॅकअप म्हणायचं नाही, हेही तुम्ही दोनदा बजावलंत. कॅसेटची टेप दरवेळी चालवली की थोडी झिजते, ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा करता येणार नाही, त्यामुळे हे वाक्य मी कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवलंय.

प्रोसेसरचं पण तुम्हीच दाखवलंत. मायक्रोवर आय५-८५००टी होता आणि एसएफएफवर नुसता आय५-८५००. दोघांना सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग, पण टी वाला ३५ वॉटचा, त्याचा बेस स्पीड २.१ गिगाहर्ट्झ, आणि साधा ६५ वॉटचा, ३.० चा. टर्बोत, म्हणजे गरज पडल्यावर थोडा वेळ वाढणाऱ्या स्पीडला, एक ३.५ ला जातो, दुसरा ४.१ ला. टायपिंगला, ब्राउझरला हा फरक कोणाला कळणार पण नाही असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत, तासभराच्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढायला लावली की मात्र सगळे कोअर बराच वेळ राबतात आणि तेव्हा मोठा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), मोठा पंखा उपयोगी पडतो, आवाजही कमी येतो.

मला सगळ्यात जास्त विश्वास कशामुळे वाटला सांगू का, तुम्ही मायक्रोला एकदाही नावं ठेवली नाहीत. दुकानाच्या काउंटरवर, रिसेप्शनला, दिवसरात्र चालू ठेवायच्या छोट्या सर्व्हरला तोच घ्यावा, लाइट कमी खातो, असं म्हणालात. शिवाय त्याचा अ‍ॅडाप्टर बाहेरचा, लॅपटॉपसारखा, बिघडला तर त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच वॉटचा डेलचा दुसरा लावला की झालं. एसएफएफची पॉवर सप्लाय मात्र डेलची स्वतःच्या मापाची आणि स्वतःच्या कनेक्टरची, बाजारात सर्रास मिळणारी एटीएक्स मापाची सप्लाय तिथे सरळ लागत नाही, तिचा नेमका पार्टच शोधावा लागतो. आणि पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं तर कमी उंचीचंच, स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालणारं. ज्याची शिफारस करताय त्याची कमजोर बाजू एवढी उघड करून सांगणारं माणूस मला तरी आजवर भेटलं नव्हतं.

विंडोजचं थोडक्यात लिहितो कारण दुसऱ्या कोणाचं त्यामुळे नुकसान टळेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे बहुतेक प्रोसेसर एट्थ जनरेशनपासून पुढचेच आहेत. बाहेरून डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०५० आणि ७०६० सारखेच दिसतात, पण ७०५० मध्ये सिक्स्थ किंवा सेव्हन्थ जनरेशन असते. म्हणून साइज बघायच्या आधी नंबर बघा, हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगतो.

आणि एसएफएफ घरी आल्यावर तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसलात ते! कडी सरकवून झाकण उघडलं तर पंख्याच्या मागे हीटसिंकवर धुळीचा अक्षरशः गालिचा. तुम्ही म्हणालात पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका, आणि मऊ ब्रशनं बाहेरच्या बाजूला झाडा. मग एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जायला लावलंत, पासवर्ड मागतो का बघायला, कारण आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर मशीन लगेच परत करायचं. सर्व्हिस टॅगची, म्हणजे मशीनवरच्या डेलच्या ओळख-नंबरची, सात अक्षरं डेलच्या साइटवर टाकून मूळ कॉन्फिगरेशन जुळवून पाहिलं, एफ१२ मधून डायग्नोस्टिक्स चालवलं. तारीख मागे गेली होती तेव्हा मला वाटलं बोर्डच गेलं, तुम्ही शांतपणे म्हणालात बोर्डावरचा सीआर२०३२ चा सेल बदला. बदलला, तारीख टिकली. रॅमची एकच ८ जीबीची स्टिक होती, तिच्या जोडीला तशीच दुसरी घ्यायला लावलीत आणि दोन्ही पांढऱ्या खटक्याच्या जागी बसवायला सांगितलंत म्हणजे ड्युअल चॅनल चालेल, दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील. डिस्कचा प्लास्टिकचा ट्रे स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो हे बघून मुलगीसुद्धा बाजूला येऊन बसली, पुढची डिस्क तिनंच बसवली.

तुम्हाला यातून काही मिळणार नव्हतं. दिवसभर ऑफिसातल्या लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकून घरी आल्यावर पुन्हा कोणाच्या तरी मशीनची सर्व्हिस हिस्टरी कोण काढत बसतं? तुम्ही बसलात, आणि एकदाही "एवढं पण माहीत नाही का" असा सूर लावला नाहीत. त्यासाठी खूप खूप आभार.

तुमच्याकडे आईंच्या आवाजाच्या दोन कॅसेट आहेत असं बोलता बोलता म्हणाला होतात. त्या मला पाठवा. एकीची टेप गुंडाळली गेलीये म्हणालात ना, असू दे, कव्हर स्क्रूचं असेल तर उघडून सरळ करून घेतो, चिकटवलेलं असेल तर टेप दुसऱ्या कव्हरमध्ये घालतो. वेव्ह फाइल आणि ऐकायला एमपीथ्री, दोन्हींची कॉपी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर देतो, म्हणजे बॅकअपचा नियमही पाळला जाईल.

तुमचा,
एसएफएफवाला