मंत्रीसाहेब, माझ्या आईचे हात ओढणीने का बांधले?

सन्माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मालवणात घरगुती मेस चालवते. तुम्ही मला ओळखत नाही पण माझ्या आईसोबत तुमचा फोटो आहे. गेल्या २१ सप्टेंबरला, अल्झायमर दिनाला, तुम्ही कुडाळच्या अलीकडच्या वृद्धाश्रमात आलात, फीत कापलीत, आईला शाल घातलीत. तिने तुम्हाला "तू खंयचो रे?" विचारलं, सगळे हसले, तुम्हीपण हसलात. मग माईकवर बोललात की डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या, पेशंटसाठीचा हा उपक्रम पैशाअभावी बंद पडू देणार नाही.

मार्चएंडला बंद पडला.

परवा रविवारी गेले तर आईच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ. रात्री ओढणीने कॉटला बांधलेली. ड्युटीवरची बाई म्हणाली, काय करू ताई, बत्तीस म्हातारी माणसं आणि मी एकटी. तिच्यावर ओरडायला गेले होते, ओरडवेना.

या उपक्रमात होतं काय ते सांगते, कारण तुम्ही भाषणात "अत्याधुनिक" म्हणालात आणि त्यात आधुनिक काहीच नव्हतं. दोन मुली आणि एक वही. आई तिन्हीसांजा झाल्या की गाठोडं बांधून दाराशी जायची, "माका घराक जावचा आसा" म्हणून रडायची, कुणी अडवलं की मारायची. आधीचे सगळे म्हणायचे, भ्रमिष्ट झाली, गोळी द्या. त्या मुली रोज वहीत लिहायच्या, कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं, कशाने शांत झाली. महिनाभर लिहिल्यावर कळलं की तिला गोरवं बांधायची असतात. पन्नास वर्षं तिने त्याच वेळेला गोठ्यात गुरं बांधली ना. मग पाचला तिला वाती वळायला द्यायच्या, कुळीथ निवडायला द्यायचे, अंगणात दोन फेऱ्या, तुळशीकडे दिवा, आणि "गोरवं बांधून झाली गो" असं सांगायचं. झाली शांत. शेजारच्या आजोबांचं ओरडणं तर पोट साफ होत नव्हतं म्हणून होतं, बोलता येत नाही तर माणूस ओरडणारच. आणि हे पाच दिवसांच्या ट्रेनिंगने येत नाही साहेब, माणूस त्या माणसाजवळ टिकावा लागतो. मुलींना महिना सात हजार मिळायचे, तेही थांबले, त्या गेल्या. एक गोव्याला हॉटेलात आहे. वही कपाटात, कपाटाची चावी कुणाकडे ते माहीत नाही.

तीन वर्षं आईला मी घरीच सांभाळली. रात्री दोनला उठून ती जेटीकडे चालत गेलेली, अनवाणी, श्रावणातल्या पावसात. तेव्हापासून दाराला कुलूप आणि मी दाराला टेकून झोपायचे. भाऊ विरारला, गणपतीत येतो, आरती करतो, "काळजी घे गं" म्हणतो. माझी शुगर वाढली, दोन दात पडले, सोन्याच्या पाटल्या गहाण आहेत. आणि लोक म्हणतात लेकीने आईला आश्रमात टाकली. टाकली हा शब्द कसा कापतो ते तुम्हाला नाही कळायचं.

आता तिला गोळी देतात. झोपेची नव्हे, वेडाच्या आजाराची. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना या गोळ्यांनी मरणाचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेत २००५ पासून गोळ्यांच्या माहितीपत्रकात चौकट करून इशारा छापतात. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये नर्सिंग होमच्या मागे लागून या गोळ्या कमी करायला घेतल्या, शंभरात चोवीस जणांना मिळत होत्या त्या काही वर्षांत पंधराच्या आसपास आल्या. तिथेही सगळं छान नसेल, पण कुणीतरी मोजतं तरी. आमच्याकडे किती जणांना बांधतात, किती जणांना गुंगीत ठेवतात, कोण मोजतंय? देशात म्हणे ८८ लाख माणसांना हा आजार आहे, साठीच्या वरच्या शंभरात सात. रत्नागिरी-सिंधुदुर्गची तर लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत घटलेली, तरणी माणसं मुंबईला आणि मागे म्हातारी, म्हणजे आमच्याकडे शंभरात किती असतील तुम्हीच हिशोब करा, तुमच्याकडे अधिकारी आहेत.

आणि योजना? राज्याच्या वयोश्री योजनेचे ३००० रुपये एकदाच मिळाले, त्यात काठी घ्या, चष्मा घ्या. आईला दोन्ही नकोत, तिला माणूस हवंय. सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांचं कार्ड, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर. वाती वळायला बसवणारीचा पगार कुठल्या कार्डात बसतो? कायदा काढून वाचला मी, २००७ चा. म्हाताऱ्या आईबापाला सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच कायद्यात लिहिलंय की सरकारने हळूहळू का होईना, जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम काढावा. मी आईला सोडलं तर मला जेल, तुम्ही बत्तीस जणांना मार्चएंडला सोडलंत तर तुम्हाला काय, नवीन शाल?

मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, त्याला पैसा येतोच आहे, दर गणपतीच्या आधी नवीन तारीखपण येते. म्हणजे पैसा नाही असं नाही. म्हातारी माणसं मत द्यायला बूथवर जाऊ शकत नाहीत, आणि माझी आई तर गेली तरी चिन्ह विसरेल, एवढंच आहे.

त्या दोन मुलींना परत बोलवा, प्रकल्प म्हणून नको, पगारी कायम जागा द्या. डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन प्रत्येकाच्या गोळ्या तपासू दे. बांधायचं नाही असा लेखी आदेश काढा. आणि ती वही शोधा.

तोपर्यंत मी संध्याकाळची मेस बंद केलीय. चारची एसटी पकडून जाते आणि गोरवं बांधून झाली म्हणून सांगून येते. तुमच्या ऑफिसातून फोन करणार असाल तर साडेपाच ते सात सोडून करा.

आपली,
मालवणची एक लेक