टेबलावरच्या रुग्णाचे काय?

आपल्या जळगाव आवृत्तीतील रोबोटिक शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. लहान छेद, कमी रक्तस्राव हे खरेच; पण रुग्णाला टेबलावर कसे झोपवतात, याबद्दल त्यात एक ओळही नाही. प्रोस्टेट (पुरुषांतील मूत्राशयाखालची ग्रंथी) किंवा गर्भाशयाच्या अशा शस्त्रक्रियेत डोके खाली ठेवून टेबल बहुधा २५ ते ३० अंश कलते करतात, तेही काही तास. त्याने डोळ्यांतील दाब वाढतो, चेहरा सुजतो. खांद्यावर भार आला तर हाताच्या नसा दुखावू शकतात. डोळ्यांतील दाब वाढतो म्हणून काचबिंदू असल्यास तो आधीच सांगायला हवा. पण संमतीपत्रावर मुकाट्याने अंगठा उठवणाऱ्या, धुळे-नंदुरबारच्या खेड्यांतून आलेल्या माणसाला हे कोणी विचारते का? भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी त्याच्याजवळ बसून, गरज पडल्यास अहिराणीत, हे समजावून सांगावे.

– एक वाचक, अमळनेर