आईच्या ऑपरेशनला धावून आलेल्या सगळ्यांना थँक्यू

आईचं थायरॉइडचं ऑपरेशन खूप वर्षांपूर्वी झालेलं, तेव्हा राहिलेला गळ्यातल्या या ग्रंथीचा थोडासा भाग हळूहळू वाढत छातीच्या हाडामागे उतरला आणि श्वासनलिका दाबायला लागला, आडवं झोपलं की तिचा जीव घुसमटायचा. जुन्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं, आवाजाच्या नसेला धोका, त्यात छातीचं हाड कापावं लागलं तर रक्त हाताशी हवं, म्हणून रात्रीच अनोळखी पोरं रक्त द्यायला आली आणि नाव न सांगताच गेली. देवमाणसं! ती वाढलेली गाठ मानेतूनच निघाली, छातीचं हाड कापावं लागलं नाही. नंतर तिच्या ओठांना मुंग्या आल्या तर नाइटच्या सिस्टरनी लगेच ओळखलं की रक्तातलं कॅल्शियम उतरलंय, डॉक्टरांना उठवून सलाइनमधून कॅल्शियम चालू करायला लावलं आणि पहाटेपर्यंत उशाशी थांबल्या. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, आईचा आवाज शाबूत आहे. पोरांनो, वाचत असाल तर घरी जेवायला या, आई रोज विचारते.