थेलरच्या सावलीतली चिल्लर

महोदय,
जुन्या जर्मन नाण्यांवरचा आपला लेख थेलर या चांदीच्या मोठ्या नाण्यापाशीच थांबला, याची रुखरुख लागली. रोजचा बाजारहाट चालायचा तो ग्रोशनसारख्या चिल्लरीवर. माझ्याकडे त्यातलंच एक आहे, कागदासारखं पातळ. एका बाजूला क्रूस लावलेला गोल, त्यात २४ चा आकडा. म्हणजे अशी २४ नाणी मिळून एक थेलर. १६१९ ते १६२३ च्या सुमारास, युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या सुरुवातीच्या काळात, अनेक संस्थानिकांनी या चिल्लरीतली चांदी काढून तांबं वाढवत नेलं. माझ्या नाण्याची कड झिजून लालसर झाली आहे. ज्या मजुराला मजुरी अशा नाण्यांत मिळाली, त्याला बेकरीवाला पाव देईना! त्याच्याविषयीही सविस्तर लिहावं, ही कळकळीची विनंती.

– एक नाणेसंग्राहक, सातारा